मिडफेसचा सीटी वाचताना ले फोर्टचं नाव शेवटी द्या

मिडफेस, म्हणजे चेहऱ्याच्या मधल्या भागाच्या फ्रॅक्चरबद्दल एक प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा आहे. बाईकवरून पडलेला तरुण पेशंट, हेल्मेट नव्हतं, तोंड प्रचंड सुजलंय, दात एकमेकांवर बसत नाहीत, खालचा जबडा मात्र शाबूत. सीटीत दोन्हीकडच्या टेरिगॉइड प्लेट (वरच्या जबड्याच्या मागच्या हाडाच्या पातळ पट्ट्या) तुटल्यात, नाकाचं मूळ कपाळापासून सुटलंय, उजवीकडे डोळ्याखालची कड, गालाची कमान, भुवईच्या बाहेरच्या टोकाजवळचा सांधा आणि सायनसची बाहेरची भिंत असं सगळं गेलंय, डावीकडे नाकाच्या भोकाची हाडाची कड आणि त्याच रेषेत सायनसच्या भिंती तुटल्यात, आणि टाळूत मधोमध पुढून मागे जाणारी फट आहे. एका सीनियरांनी ले फोर्ट टू (वरचा जबडा कवटीपासून सुटण्याच्या वन, टू, थ्री या तीन प्रकारांपैकी) म्हटलं, दुसऱ्यांनी थ्री, तिसऱ्यांनी पॅनफेशियल लिहून टाका असं सांगितलं, तर रिपोर्टमध्ये नक्की काय लिहायचं आणि कुठलं क्लासिफिकेशन धरायचं, ले फोर्टचं की एओ या सर्जनांच्या संस्थेचं?

पॅनफेशियलचं आधी बाजूला काढतो. तो शब्द कपाळ, मधला चेहरा आणि खालचा जबडा असं वरपासून खालपर्यंत सगळं गेलेलं असेल तेव्हाचा आहे. या पेशंटचा खालचा जबडा चांगला आहे आणि ती सर्जनसाठी फार मोठी गोष्ट आहे, कारण वरचे दात जुळवायला खाली एक पक्की कमान मिळते. पॅनफेशियल लिहिलंत की नेमकी हीच माहिती पुसली जाते. उरले टू आणि थ्री, तर दोन्ही सीनियर अर्धे बरोबर आहेत, कसे ते खाली येईलच.

मी ऑपरेशन करणाऱ्यांच्या बाजूने लिहितोय, मॅक्सिलोफेशियलवाल्यांच्या, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या सर्जनांच्या. आम्हाला सीटीतून तीनच गोष्टी हव्या असतात: वरचा जबडा कवटीपासून सुटलाय का आणि कुठल्या पातळीवर सुटलाय, कुठला तुकडा कुठल्या दिशेला सरकलाय, आणि प्लेट लावायला घट्ट हाड कुठे उरलंय. ले फोर्टचा आकडा यातल्या फक्त पहिल्याचं उत्तर देतो, तेही अर्धवट, म्हणून माझं सगळ्या रेसिडेंटना हेच सांगणं असतं की आधी हाडं वाचा, उजवी बाजू वेगळी आणि डावी वेगळी, आणि नाव सगळ्यात शेवटी द्या. नाव आधी सुचलं की डोळे त्या नावात बसणारं तेवढंच बघतात, हे सगळ्यांचंच होतं.

पण वाचायच्या आधी सीटी वाचण्यासारखा आहे का ते बघा. आपल्याकडे अपघाताचा पेशंट आला की हेड सीटी निघतो आणि मग कोणीतरी म्हणतं त्यातच फेस बघून घ्या. जाड कटचा हेड सीटी मिडफेससाठी जवळपास निरुपयोगी असतो, ऑर्बिटचा म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा फ्लोअर कागदासारखा पातळ आणि आडवा, तो ५ एमएमच्या ॲक्शियल म्हणजे आडव्या कटमध्ये दिसतच नाही, आणि बऱ्याचदा स्कॅन टाळूपर्यंत पोचायच्या आधीच संपलेला असतो. फेसचा सीटी फ्रंटल सायनसच्या वरपासून हनुवटीच्या खालपर्यंत हवा, गँट्री (मशीनचं गोल कडं) न तिरकी करता, कट १ एमएम किंवा त्याहून बारीक, बोन आणि सॉफ्ट टिश्यू दोन्ही अल्गोरिदममध्ये, आणि त्यातून कोरोनल (समोरून उभे) आणि सॅजिटल (बाजूने उभे) कट काढलेले. हेड सीटीबरोबर चेहरा स्कॅनमध्ये पूर्ण आला असेल तर पेशंटला परत झोपवायची गरज नाही, टेक्निशियनला सांगून त्याच रॉ डेटामधून बारीक कट काढून घ्या, पण लगेच सांगा, कारण मशीनवरचा रॉ डेटा फार दिवस ठेवत नाहीत. आणि फिल्मवर भागवू नका, सीडी मागा. फिल्मवर पंधरा-वीस छोटे चौकोन आणि एक सुंदर थ्री-डी चित्र असतं, त्यावर मिडफेसचा रिपोर्ट होत नाही.

अजून एक, पेशंटचं डोकं मशीनमध्ये कधीच सरळ नसतं, कॉलर लावलेली असते, मान वळलेली असते. स्क्रीनवर आधी डोकं सरळ करून घ्या, दोन्ही डोळ्यांचे लेन्स एका कटमध्ये आणि दोन्ही कमानी एका कटमध्ये दिसतील असं. हे केलं नाही तर उजवं गाल आत गेलंय की डोकंच वाकडं आहे हे कळत नाही आणि तुम्ही नसलेलं डिस्प्लेसमेंट लिहून बसता.

आता हाडं. मिडफेस म्हणजे पातळ भिंतींच्या पोकळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे जाड पट्टे, आपल्या जुन्या घरांत जसे खांब आणि तुळया असतात आणि मधल्या भिंती नुसत्या कुडाच्या असतात तसं. उभे खांब प्रत्येक बाजूला तीन: नाकाच्या शेजारून भुवईच्या आतल्या टोकाकडे जाणारा, दाढांच्या वरून गालाच्या हाडातून भुवईच्या बाहेरच्या टोकाकडे जाणारा, आणि मागे टेरिगॉइड प्लेटचा. आडव्या तुळया म्हणजे कपाळाची पट्टी, डोळ्याखालची कड आणि तिच्या पुढे गालाची कमान, आणि सगळ्यात खाली टाळू आणि दात रोवलेलं हाड. चावण्याचा जोर हे उभे खांब कवटीकडे नेतात, प्लेट आम्ही याच पट्ट्यांवर लावतो, आणि मागच्या टेरिगॉइडच्या खांबापर्यंत सहसा पोचत नाही, म्हणून पुढचे दोन खांब नीट बसले तर मागची उंची आपोआप सांभाळली जाईल असं धरून चालतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये सायनसच्या पुढच्या भिंतीचे सतरा तुकडे मोजण्यापेक्षा गालाखालचा खांब एका रेषेत तुटलाय की त्याचा चुरा झालाय हे लिहिलेलं आम्हाला शंभरपट कामाचं. चुरा असेल तर तिथे हाड लावावं लागेल का, पेशंटच्या नातेवाइकांना आधी काय सांगून ठेवायचं, हे सगळं त्या एका ओळीवर ठरतं.

ले फोर्टबद्दल. रेने ले फोर्ट हे फ्रान्समधल्या लिलचे सर्जन, त्यांनी १९०१ मध्ये मृतदेहांच्या डोक्यांवर बोथट मार देऊन हाडं कुठल्या रेषेत तुटतात ते पाहिलं आणि त्यातून तीन कमकुवत रेषा मांडल्या. वन म्हणजे दातांच्या मुळांच्या वरून आडवी रेषा, टाळू आणि दात एकत्र सुटतात, हे आडवं फ्रॅक्चर गेरँ यांनी १८६६ मध्येच सांगितलं होतं म्हणून जुने लोक त्याला गेरँ फ्रॅक्चर म्हणतात. टू म्हणजे पिरॅमिड: नाकाचं मूळ, ऑर्बिटची आतली भिंत, फ्लोअर, डोळ्याखालची कड आणि तिथून खाली सायनसच्या बाहेरच्या भिंतीतून मागे. थ्री म्हणजे अख्खा चेहरा कवटीपासून सुटणं: नाकाचं मूळ, ऑर्बिटची आतली भिंत, फ्लोअर, बाहेरची भिंत आणि गालाची कमान. तिन्ही रेषा मागे टेरिगॉइड प्लेटमधून जातात. ही कामगिरी सीटीच्या सत्तर वर्षं आधीची आहे, ती अजून टिकलीय याचा मला मनापासून आदर आहे. पण ते प्रयोग आजच्या हायवेच्या वेगाचे नव्हते, आणि आज दोन्ही बाजूंना सारखं, स्वच्छ, पुस्तकातल्या चित्रासारखं ले फोर्ट क्वचितच दिसतं. एका बाजूला वन आणि दुसऱ्या बाजूला टू, किंवा एकाच बाजूला वन आणि टू दोन्ही, हेच नेहमीचं. म्हणून "ले फोर्ट टू" एवढंच लिहिणं अपुरं, बाजू लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आकडा ठरवायची सगळ्यात सोपी पद्धत रिया आणि नॉव्हेलाइन यांनी २००५ मध्ये मांडली, मी तीच शिकवतो. पहिली पायरी टेरिगॉइड प्लेट. त्या शाबूत असतील तर त्या बाजूला ले फोर्ट नाही, विषय संपला, दुसरं काहीतरी आहे. तुटल्या असतील तर प्रत्येक बाजूला तीन जागा बघायच्या, कारण प्रत्येक प्रकाराची एक अशी जागा आहे जी बाकी दोघांत तुटत नाही. वनची जागा म्हणजे नाकाच्या भोकाची पुढची-बाहेरची कड, टूची जागा डोळ्याखालची कड, थ्रीची जागा गालाची कमान. ती जागा शाबूत तर तो प्रकार बाद. ती जागा तुटली तर तो प्रकार संशयित, आणि मग त्याची उरलेली रेषा पूर्ण होते का ते बघून पक्का करायचा. हा शेवटचा अर्धा भाग लोक विसरतात! जागा तुटली म्हणजे प्रकार सिद्ध झाला असं नाही. नुसती कमान तुटली, कोणी काठी मारली किंवा बैलाचं शिंग लागलं, तर ते थ्री होत नाही. आणि उलट टेरिगॉइड तुटली म्हणजे ले फोर्ट आहेच असंही नाही, खालच्या जबड्यावर बाजूने मार बसला, कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर तिथपर्यंत आलं, किंवा गालाच्या हाडाचं मोठं फ्रॅक्चर मागे गेलं तरी टेरिगॉइड तुटते. टेरिगॉइड ही दार उघडणारी गोष्ट आहे, निकाल देणारी नाही.

आता तुमच्या केसला हे लावा. डावीकडे टेरिगॉइड तुटली, नाकाची कड तुटली, डोळ्याखालची कड शाबूत, कमान शाबूत, आणि सायनसच्या भिंती त्याच आडव्या रेषेत तुटल्यात, म्हणजे डावीकडे ले फोर्ट वन, स्वच्छ. उजवीकडे टेरिगॉइड तुटली, नाकाची कड तुम्ही लिहिलेली नाही म्हणजे शाबूत धरतो, पण परत एकदा बघा. डोळ्याखालची कड तुटली, नाकाचं मूळ सुटलं, सायनसची बाहेरची भिंत तुटली, म्हणजे उजवीकडे ले फोर्ट टू पूर्ण झालं. आणि कमान तुटली, भुवईच्या टोकाजवळचा झायगोमॅटिकोफ्रंटल सांधा तुटला, म्हणजे थ्रीही दारात उभं. इथेच तुमच्या दोन सीनियरांचं वाजलं.

याच्यावर थोडं थांबतो कारण हा वाद प्रत्येक कॉन्फरन्समध्ये होतो. खरं शुद्ध ले फोर्ट थ्री म्हणजे गालाचं हाड वरच्या जबड्याला चिकटूनच राहतं आणि दोघं मिळून एक अखंड ठोकळा कवटीपासून सुटतो. तेव्हा डोळ्याखालची कड आणि सायनसची बाहेरची भिंत शाबूत असायला हवी, कारण गाल आणि जबडा यांच्यामध्ये काहीच तुटलेलं नाही. तुमच्या पेशंटमध्ये त्याच्या मधूनच टूची रेषा गेलीय. म्हणजे आतून टूच्या रेषेने गालाचं हाड जबड्यापासून सुटलं, आणि बाहेरून, वरून थ्रीच्या रेषेने ते कवटीपासून सुटलं. चारही बाजूंनी सुटलेलं गालाचं हाड म्हणजे काय? झेडएमसी, झायगोमॅटिकोमॅक्सिलरी कॉम्प्लेक्स फ्रॅक्चर. म्हणजे एका बाजूला "टू अधिक थ्री" म्हणा किंवा "टू अधिक झेडएमसी" म्हणा, तुटलेली हाडं जवळपास तीच आहेत आणि भांडण नुसतं नावाचं आहे. मी स्वतः टू अधिक झेडएमसी असं लिहिणं पसंत करतो, कारण त्यावरून सर्जनला कळतं की गालाचं हाड सुटं आहे, त्याला स्वतंत्रपणे जागेवर आणावं लागेल, आणि बहुतेक वेळा आधी ते आणावं लागेल. नुसतं थ्री लिहिलंत तर वाचणारा समजेल की चेहरा अखंड ठोकळ्यात सुटलाय, आणि ते इथे खोटं आहे.

झेडएमसीला जुने लोक ट्रायपॉड म्हणायचे, तीन पाय. ते साध्या एक्सरेच्या काळातलं आहे, नाइट आणि नॉर्थ यांचं १९६१ चं वर्गीकरण एक्सरेवरचंच. एक्सरेत तीन जागा दिसायच्या, चौथी दिसायची नाही, ती म्हणजे ऑर्बिटच्या बाहेरच्या भिंतीत गालाचं हाड आणि स्फिनॉइड (कवटीच्या तळाचं हाड) जिथे भेटतात तो सांधा. सीटी आल्यावर ती जागा उघडी पडली आणि आज मला विचाराल तर अख्ख्या मिडफेसच्या सीटीत मी सगळ्यात जास्त वेळ याच कटवर घालवतो. ॲक्शियलमध्ये डोळ्याच्या बुबुळाच्या पातळीवर या, बाहेरची भिंत मागून पुढे एका सरळ तिरक्या रेषेत येताना दिसते, मागचा जाड भाग स्फिनॉइडचा, पुढचा गालाच्या हाडाचा. दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. रेषा मोडून कोन झाला असेल तर गालाचं हाड फिरलंय, एकाचं टोक दुसऱ्याच्या आत चढलं असेल तर ऑर्बिट लहान झालीय, फट पडून बाहेर गेलं असेल तर ऑर्बिट मोठी झालीय आणि सूज उतरल्यावर डोळा आत गेलेला दिसणार. इतर तीन जागा नीट दिसत असूनही हाड फिरलेलं असू शकतं, विशेषतः भुवईजवळचा सांधा, तो थोडक्यात बसलेला दिसतो आणि फसवतो. ऑपरेशनमध्येसुद्धा हाड खरंच जागेवर आलं का हे आम्ही याच सांध्यावर आतून पाहतो. तुमच्या रिपोर्टमध्ये या सांध्याचा उल्लेखच नाही, तो आधी बघा, माझ्या मते ही या केसमधली सगळ्यात महत्त्वाची राहिलेली गोष्ट आहे.

झेडएमसीचे पुढचे प्रकार हवे असतील तर झिंग यांचं १९९२ चं वर्गीकरण चांगलं आहे आणि लक्षात ठेवायला सोपं: ए म्हणजे एकच पाय तुटला, नुसती कमान किंवा नुसती बाहेरची भिंत किंवा नुसती डोळ्याखालची कड, बी म्हणजे चारही पाय तुटून गालाचं हाड एका तुकड्यात सुटलं, आणि सी म्हणजे त्या हाडाचेच तुकडे झाले. बी आणि सीमधला फरक ऑपरेशन बदलतो, बीला कधी कधी एका-दोन ठिकाणी प्लेट पुरते, सीला जास्त ठिकाणी उघडावं लागतं. कमानीबद्दल एक छोटी गोष्ट, नाव कमान असलं तरी तिचा मधला भाग बराचसा सपाट असतो, ती जास्तच गोल दिसायला लागली की गाल मागे ढकललं गेलंय आणि चेहरा रुंद होणार आहे असं समजा.

त्यानंतर नाकाचं मूळ. ले फोर्ट टू लिहून झालं की लोक तिथून निघून जातात आणि टूच्या आत लपलेलं एनओई, म्हणजे नेझो-ऑर्बिटो-एथमॉइड फ्रॅक्चर राहून जातं, आणि हे राहिलं तर नंतर नीट करणं अतिशय कठीण असतं, पेशंट आयुष्यभर दोन डोळ्यांमधलं वाढलेलं अंतर आणि गळणारा डोळा घेऊन फिरतो. मार्कोविट्झ, मॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याचे तीन प्रकार केले, ते सगळे एका पातीभोवती आहेत, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याची पाती (टेंडन) जी हाडाला चिकटते. वनमध्ये ती पाती एका मोठ्या तुकड्यावर आहे, टूमध्ये चुरा झालाय पण पाती अजून पकडता येईल अशा तुकड्यावर आहे, थ्रीमध्ये चुरा थेट पातीच्या मुळापर्यंत गेलाय किंवा पातीच सुटलीय. सीटीत पाती भरवशाने दिसत नाही, म्हणून अश्रूपिशवीच्या खळगीभोवतीचा तुकडा केवढा आहे ते लिहा, तेवढं पुरतं, बाकी सर्जन हाताने तपासेल. दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर मोठ्या माणसात साधारण ३० ते ३५ एमएम असतं, ते पेशंटवर मोजलेलं असेल तर सोबत लिहा.

ऑर्बिट नेहमी वेगळा परिच्छेद. ले फोर्ट टू किंवा झेडएमसी म्हटलं की फ्लोअर तुटलेला असणारच, पण किती आणि कुठे हे त्या नावात येत नाही. कोरोनलमध्ये भोक केवढं आहे ते बघा, मग सॅजिटलमध्ये जा आणि मागे टाळूच्या हाडाचा जो छोटा कठडा असतो तो शाबूत आहे का ते बघा, कारण जाळी किंवा प्लेट मागे त्याच्यावर टेकवायची असते, तो गेला असेल तर टेकायला जागा नाही. मग सॉफ्ट टिश्यू विंडोमध्ये खालचा स्नायू, इन्फिरियर रेक्टस. तो चपटा न राहता गोल झाला असेल तर खालचा आधार गेलाय. लहान मुलांत याच्या उलट घडतं आणि ते फार धोक्याचं असतं: हाड लवचिक असतं, ते खाली झुकून परत वर येतं आणि मधे स्नायू अडकतो. कोरोनलमध्ये फ्लोअर जवळपास सरळ दिसतो, सूज नाही, डोळा पांढराशुभ्र, आणि रिपोर्टमध्ये फ्रॅक्चर नाही असं जातं, पण ऑर्बिटमध्ये स्नायू दिसत नाही, तो फ्लोअरच्या खाली असतो. पोर उलट्या करतंय, नाडी मंद झालीय, वर बघता येत नाही, सगळे डोक्याच्या इजेकडे बघत बसतात. असं दिसलं तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, फोन करा, कारण अडकलेला स्नायू लवकर सोडवला नाही तर तो कायमचा आखडतो.

टाळूचं तुम्ही "मधोमध फट" लिहिलंय. परत बघा. मोठ्या माणसात मधली रेषा वरून नाकाच्या पडद्याच्या हाडाने बळकट केलेली असते, त्यामुळे फट सहसा जरा बाजूने जाते, लहान वयात सांधा पक्का जुळलेला नसतो तेव्हा खरी मधोमध फाटते. हेंड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये टाळूचे प्रकार केले आहेत, पण त्याचा नंबर लिहिला नाही तरी चालेल. फट पुढे कुठल्या दोन दातांमधून बाहेर पडते, मागे किती रुंद आहे, आणि दाताचं मूळ त्यात सापडलंय का एवढं लिहा. टाळू फाटला की वरच्या जबड्याचे दोन ठोकळे होतात आणि ते स्वतंत्र हलतात. आणि इथे ऑपरेशनचा क्रम बदलतो, आधी दातांचा साचा घेऊन, स्प्लिंट बनवून रुंदी जमवावी लागते, नाहीतर नुसते वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधले की दोन्ही ठोकळे बाहेरच्या बाजूला कलतात आणि दात वरवर जुळलेले दिसून चेहरा रुंद होऊन बसतो.

एओची पद्धत विचारलीत. एओ सीएमएफने २०१४ मध्ये सीटीवर आधारलेली सगळ्या चेहऱ्याची कोडिंग पद्धत काढली, खालच्या जबड्याला ९१, मिडफेसला ९२, कवटीच्या तळाला ९३, कवटीच्या घुमटाला ९४, आणि मग आत आणखी बारीक पातळ्या. थीसिस असेल, रजिस्ट्री ठेवायची असेल, दोन हॉस्पिटलांचे पेशंट एकत्र मोजायचे असतील तर हीच वापरा, तिथे ले फोर्ट अगदी तोकडं पडतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत मात्र कोणी ९२ म्हणून बोलत नाही. मॅन्सन यांनी १९९० मध्ये सीटी बघून कमी, मध्यम आणि जास्त एनर्जी (म्हणजे माराचा जोर) असे तीन गट केले होते, तुकडे किती आणि सरकलेत किती यावरून, ते मला रोजच्या कामात जास्त उपयोगी वाटतं. रिपोर्टच्या शेवटी "हाय एनर्जी" एवढे दोन शब्द असले तरी सर्जन किती मोठी तयारी करून जायचं ते ओळखतो.

काही फसवणाऱ्या जागा पटकन सांगतो. इन्फ्राऑर्बिटल नर्व्हची (डोळ्याखालच्या नसेची) नळी, सायनसच्या मागच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या, गालाच्या हाडातलं छोटं छिद्र, आणि कमानीतला सांधा, ही सगळी नवख्याला फ्रॅक्चर वाटतात. दोन्ही बाजूंना सारखं आहे का, कडा गुळगुळीत आहेत का आणि शेजारी सूज किंवा हवा आहे का बघा. सायनस पूर्ण स्वच्छ असतील, त्यात रक्ताची पातळी नसेल, तर सायनसच्या भिंतीतून जाणारं ताजं फ्रॅक्चर असण्याची शक्यता फार कमी, म्हणजे ले फोर्ट आणि झेडएमसी दोन्ही जवळपास बाद. पण नाकाचं हाड आणि नुसती कमान त्याने बाद होत नाही. थ्री-डी चित्र शेवटी बघा. ते सर्जनला आणि नातेवाइकांना समजावायला उत्तम, गाल किती फिरलंय ते एका नजरेत दिसतं, पण पातळ हाडात ते खोटी भोकं दाखवतं आणि न सरकलेली फ्रॅक्चर बुजवून टाकतं. थ्री-डीवरून ऑर्बिटच्या फ्लोअरबद्दल एक ओळही लिहू नका.

आणि ज्या गोष्टी क्लासिफिकेशनच्या आधी येतात त्या आधीच बघायच्या: डोळ्यामागे रक्त साठून डोळा ताणला गेलाय का, डोळ्याच्या गोळ्याचा आकार मोडलाय का, ऑप्टिक नर्व्हच्या (दृष्टीच्या नसेच्या) नळीत हाडाचा तुकडा आहे का, फ्रंटल सायनसची मागची भिंत किंवा नाकाच्या छताचं हाड तुटून डोक्यात हवा गेलीय का, मानेचे मणके ठीक आहेत का. नाकाचं छत तुटलं असेल तर रिपोर्टच्या पहिल्या ओळीत टाका, वॉर्डात कोणीतरी नाकातून नळी घालायला निघालेलं असतं. सरकलेलं ले फोर्ट टू किंवा थ्री असेल तर मानेतल्या कॅरोटिड धमनीला इजा असू शकते, अशी इजा कोणात शोधायची हे सांगणाऱ्या डेन्व्हरच्या निकषांत हे फ्रॅक्चर म्हणूनच आहे, तेव्हा कॅरोटिडच्या सीटी अँजिओबद्दल ट्रॉमा टीमला विचारा. तुमच्या पेशंटमध्ये उजवीकडे टू आहे, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला आजच विचारायचाय.

तर रिपोर्टचा निष्कर्ष मी असा लिहीन: उजवीकडे ले फोर्ट टू, सोबत उजवं झेडएमसी फ्रॅक्चर, गालाचं हाड एका तुकड्यात किंवा तुकड्यांत, मागे अमुक आणि आत अमुक एमएम सरकलेलं, स्फिनॉइडच्या सांध्यात कोन आहे किंवा नाही. डावीकडे ले फोर्ट वन. टाळूत अमुक दातांमधून मागे जाणारी फट, मागे रुंदी अमुक. नाकाचं मूळ सुटलेलं, अश्रूपिशवीजवळचा तुकडा मोठा किंवा चुरा. उजव्या ऑर्बिटच्या फ्लोअरला अमुक बाय अमुक भोक, मागचा कठडा शाबूत किंवा गेलेला, स्नायू अडकलेला नाही. उजवा गालाखालचा खांब एका रेषेत किंवा चुरा. खालचा जबडा आणि कपाळाची पट्टी शाबूत. यातलं "अमुक" मोजायचं काम तुमचं, आणि शेवटची ओळ कधीही गाळू नका, कारण आम्ही ऑपरेशन त्या शाबूत हाडांपासूनच सुरू करतो.

पेशंटला एकदा हात लावून या, रेडिओलॉजीचे असलात तरी. एका हाताने वरचे पुढचे दात धरायचे, दुसऱ्या हाताची बोटं नाकाच्या मुळावर, आणि हलकेच हलवायचं. फक्त दात-टाळू हलले तर वन, नाकाचं मूळही हललं तर टू, भुवईच्या बाहेरची टोकंही हलली तर थ्री. टाळू फाटलेला असल्यामुळे तुमच्या पेशंटमध्ये उजवा आणि डावा ठोकळा वेगवेगळा हलेल. जबडा आत रुतून बसला असेल तर सीटीत रेषा दिसूनही काहीच हलणार नाही, मग रिपोर्टमध्ये "इम्पॅक्टेड" हा शब्द घाला, त्या केसला आम्ही जबडा सैल करायचे चिमटे वेगळे मागवून ठेवतो.